पंप बंद ठेवणं कंपनीला परवडतं, बोट बांधून ठेवणं आपल्याला परवडतं का?

बांधवांनो, बंदी उठायला थोडेच दिवस राहिलेत. जाळी दुरुस्त होतायत, इंजिनाची कामं निघालीत, खलाशांना उचल द्यायची आहे. अशातच संस्थेच्या सभेत विषय येतोय : यंदाची शिल्लक सभासदांत वाटून टाकायची की राखीव निधीत ठेवायची? "वाटा, ज्याचे पैसे त्याच्या हातात" असं बरेच जण बोलतायत. माझं मत वेगळं आहे.

आधी एक जुनी गोष्ट. 2008 साली कच्चं तेल जुलैत बॅरलला 147 डॉलरपर्यंत चढलं. सरकारी कंपन्या पंपावर तोट्यात तेल विकत होत्या, पण त्यांना सरकारकडून भरपाई मिळत होती. खाजगी कंपन्यांना ती नव्हती. महाग तेल घ्यायला कोण जाणार? रिलायन्सच्या पंपांवरची विक्री जवळजवळ शून्यावर आली आणि कंपनीने देशभरातले आपले 1,432 पंप बंद केले. जागा, टाक्या, मशिनं, सगळ्यात पैसा ओतलेला होता. तरी बंद केले.

का? हिशेब साधा होता. टाकीत गेलेला पैसा पंप चालू ठेवून परत येत नव्हता, आणि सरकारी दराने विकायचं तर प्रत्येक लिटरमागे पदरचे जात होते. चालू ठेवण्यापेक्षा बंद ठेवण्यात तोटा कमी. पुढे 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर खुले झाले, तेव्हा हेच पंप हळूहळू पुन्हा उघडू लागले.

हाच हिशेब आपणही करतो. जेटीवर बांगड्याला दर नाही, फेरीचं डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सुटत नाही, मग तांडेल म्हणतो, "राहू दे आज." बोट बांधली जाते. शहाणपणाचाच निर्णय.

फरक पुढे आहे. कंपनीकडे रिफायनरी होती, देशात परवडलं नाही तर परदेशात विकता येत होतं. 2022 मध्येही बाहेर दर चढला तसा माल तिकडे वळला, म्हणून तर 1 जुलैला सरकारने डिझेलच्या निर्यातीवर लिटरला 13 रुपये कर बसवला. आपली तारली कुठे वळवणार? संध्याकाळपर्यंत विकली नाही तर ती खतात जाते. आणि बोट बांधली म्हणून बँकेचा हप्ता काय थांबत नाही.

2022 चा मार्च आठवा. मुंबईत पंपावर डिझेल 94.14 रुपये होतं आणि घाऊक ग्राहकाला 122.05. महाराष्ट्रातल्या मच्छीमार संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत धरले गेले. लिटरमागे जवळजवळ 28 रुपयांचा फरक. फेरीला हजार लिटर धरा, 28 हजार रुपये जादा, तेही मासा जाळ्यात यायच्या आधी.

त्यावर व्याज. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 वर नेला. बदलत्या व्याजाचं 20 लाखांचं कर्ज असेल आणि बँकेने ती वाढ पूर्ण लावली असेल, तर पहिल्या वर्षाला 50 हजार रुपये नुसतं जादा व्याज. एक हंगाम बरा गेला म्हणून मोठं इंजिन, मोठी बोट घेणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. दर आज आहे, उद्या नाही. हप्ता मात्र पाच-सात वर्षं आहे.

म्हणून म्हणतो, शिल्लक वाटू नका. वाटली तर एकेकाच्या हाती किती येणार? एका फेरीच्या बर्फाचे पैसे. पण एकत्र ठेवली तर वाईट महिन्यात हप्ता तुंबलेल्याला बिनव्याजी उचल देता येईल. स्वतःचा बर्फ, थोडी शीतगृहाची सोय झाली, तर व्यापारी पाडून मागेल तेव्हा "आज नाही देत" असं म्हणता येईल. कंपनीची खरी ताकद तीच आहे, थांबता येणं.

"निधी ठेवला तर कोणीतरी खाईल," ही भीती खोटी नाही. असं घडलेलं आपण पाहिलंय. म्हणून अटी घाला : वेगळं खातं, कार्यकारिणीबाहेरच्या एका सभासदाची सही आणि दर महिन्याचा हिशेब याच पेजवर. अटी मान्य होत नसतील तर मीसुद्धा म्हणेन, वाटून टाका.

सभेला या. घरच्या बायकांनाही घेऊन या, मासळी विकून हप्ता कोण भरतं ते आपल्याला ठाऊक आहे. पटत नसेल तर खाली लिहा, पण आकडे घेऊन लिहा.