निळा रंग काढावा की ठेवावा?



मुळशी तालुक्यातील माले गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्यांचे पती भीमगीतांच्या पार्टीत बास गिटार वाजवीत. ते गेले आणि मागे गिटार राहिली. जुन्या बाजारातून घेतलेली. तिच्यावर त्यांनी स्वतः निळा ऑइल पेंट मारला होता आणि पांढऱ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिले होते. आता थोरला मुलगा ती वाजवितो. दिवसा कंपनीत कामाला, रात्री लग्नसराईत ऑर्केस्ट्रामध्ये. तो म्हणतो, रंग खरवडून आतले लाकूड मोकळे करू, वर नुसते पॉलिश देऊ. आई म्हणते, हात लावायचा नाही. पंधरा दिवस घरात अबोला आहे.

पत्राच्या शेवटी ताईंनी एक ओळ लिहिली आहे. ऑर्केस्ट्रावाल्याने मुलाला सांगितले की, आमच्या स्टेजवर असली गिटार नको, साधी लाकडी दिसेल अशी आण.

ताई, तुमचे सगळे पत्र आम्हाला त्या एका ओळीत दिसले. पण आधी गिटारविषयी बोलू. माहिती नसताना भांडण लवकर पेटते.

पहिली गोष्ट आवाजाची. रंगामुळे लाकूड दबते, रंग काढला की आवाज खुलतो, असे बरेच वादक म्हणतात. ढोलकी, वीणा, तंबोरा ही पोकळ वाद्ये. त्यांत लाकडाचे आणि आतल्या हवेचे काम मोठे. बास गिटारचे अंग भरीव असते. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते आणि ती अँप्लिफायरमधून मोठी होऊन बाहेर पडते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली अशी बास गिटार बाजारात आणली, तेव्हापासून मूळ रचना हीच आहे. तेव्हा वरच्या रंगाने आवाजात ऐकणाऱ्याला कळेल असा फरक पडत नाही. नव्या तारा टाकल्या तर मात्र लगेच कळतो. मुलाला आवाजच सुधारायचा असेल, तर पैसे तिथे घालावेत.

दुसरी गोष्ट लाकडाची. रंगाखाली सुंदर रेषांचे लाकूड निघेल, अशी आपली कल्पना असते. पण स्वस्त गिटारींना गडद रंग देण्याचे एक कारण म्हणजे खाली चार-पाच तुकडे जोडलेले असतात, कुठे लांबी भरलेली असते, कधी चक्क प्लायवूड असते. खरवडण्याआधी हे पाहता येते. तारा सैल करून काढाव्यात, मानेचे स्क्रू सोडवावेत आणि मान बसते त्या खाचेत व पिकअपच्या खोबणीत डोकावावे. तिथे रंग बहुधा पातळ असतो किंवा नसतोच. थर दिसले तर तो विषय तिथेच संपला. शिवाय तुमच्या पतींचा ऑइल पेंट कारखान्याच्या रंगावर बसलेला आहे. तो कारखान्याचा थर काचेसारखा कडक असतो, सहजी निघत नाही.

तिसरी गोष्ट जिवाची. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीचा डबा कसा होता कोण सांगणार? असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांना फार घातक. एका खोलीच्या घरात हे काम करूच नये. रंग काढण्याच्या औषधांची वाफही छातीला वाईट. करायचेच झाले तर बाहेर, तोंडाला चांगला मास्क बांधून, किंवा पॉलिशवाल्या कारागिराकडून. आणि मुळशीच्या पावसात तर नकोच. लाख-स्पिरिटचे पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते, उघडे लाकूड ओल धरते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस पाहावेत.

आता त्या ओळीकडे येऊ. ऑर्केस्ट्रावाल्याला लाकडाची आवड आहे, असे आम्हाला वाटत नाही. त्याला निळा रंग आणि ती अक्षरे खुपतात. 1942 साली बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, तेव्हापासून हा रंग आपल्या घरादारावर आहे. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले, ते अशाच साध्या वाद्यांच्या साथीने. तुमच्या पतींनी तो रंग मारला तेव्हा त्यांनी आपण कोण आहोत ते लिहून ठेवले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून ते पुसायचे, याला आमची संमती नाही.

पण ताई, थोडे तुम्हालाही सांगतो. संयुत्त निकायात तथागतांनी वीणेचा दृष्टांत दिला आहे. एका राजाने वीणेचा गोड आवाज ऐकला आणि म्हणाला, मला वीणा नको, तो आवाज आणून द्या. वीणेचे तुकडे केले, तुकड्यांची फाळके केली, जाळून राख केली. आवाज सापडला नाही. कारण आवाज कुठल्या एका भागात नसतो. दांडी, तारा, भोपळा आणि वाजविणाऱ्याचे कष्ट एकत्र आले की तो होतो. तुमचे पती त्या रंगात बसलेले नाहीत, तसे ते लाकडातही नाहीत. गिटार कपाटात ठेवून तिला हार घालू नका. मुलगा वाजवितो आहे, हीच त्यांची खरी आठवण.

म्हणून आमचे मत असे. आज रंग काढू नये. मुलाचा रोजगार आम्ही हलका मानत नाही. त्या स्टेजपुरती मित्राची गिटार मागून घ्यावी, आणि दुसऱ्या पार्ट्यांत विचारपूस सुरू करावी. चांगल्या बास वादकाची गरज सगळ्यांनाच असते. एक वर्ष जाऊ द्यावे. कुणी सांगणारे नसताना, स्वतःच्या आवडीने त्याला लाकूडच हवेसे वाटले, तर तो त्याचा हक्क. तेव्हा आईने अडवू नये. फक्त आधी बटर पेपरवर वडिलांची अक्षरे छापून घ्यावीत आणि पॉलिश वाळल्यावर त्याच जागी त्याने स्वतःच्या हाताने ती पुन्हा लिहावीत.

आणि आज संध्याकाळी अबोला सोडावा. सुरुवात मोठ्यांनी करावी.

जयभीम.