भंगारातली येझदी: गाडी विकू नका, काम विका



जुन्या बाइक घेऊन, त्या नव्यासारख्या करून विकायचा धंदा अनेक तरुणांना खुणावतो. हिशोब सोपा वाटतो. भंगारातून गाडी घ्यायची, पार्ट जमवायचे, रंग मारायचा आणि लाखाला विकायची. माझं मत स्पष्ट सांगतो: हात चांगला असेल तर या कामात पैसा आहे, पण तो गाडी विकण्यात नाही. तो दुसऱ्याची गाडी उभी करून देण्यात आहे.

उदाहरणाला येझदी घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत आधी जावा आणि मग येझदी बनायची. २५० सीसी, टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परत आलं, पण नव्या गाड्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड आहे. त्याचा पार्ट जुन्या गाडीला लागत नाही. म्हणून जुनी येझदी जुन्या येझदीच्या पार्टवर किंवा बाहेर बनलेल्या डुप्लिकेट पार्टवरच चालते.

आधी कागदावर हिशोब

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावात वेगळे असतील.

समजा गाडी ३०,०००. इंजिन काम १८,०००. डेंटिंग-पेंटिंग १२,०००. क्रोम प्लेटिंग ८,०००. वायरिंग, बॅटरी ६,०००. टायर, ब्रेक, केबल ६,०००. एकूण ८०,०००. विकली १,१०,००० ला. नफा ३०,०००, असं वाटतं.

आता तास मोजा. रोज ३ तास, महिन्याला २५ दिवस, असे ४ महिने म्हणजे ३०० तास. जागेचं भाडं महिन्याला ४,००० धरलं तर १६,००० गेले. उरले १४,०००. म्हणजे तासाला ४७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. वर ८०,००० तुमचे अडकलेले, आणि गिऱ्हाईक कधी येईल ते माहीत नाही.

आता तीच गाडी गिऱ्हाइकाची आहे असं धरा. पार्ट आणि बाहेरच्या कामाचे ५०,००० त्याने ॲडव्हान्स दिले. तुमची मजुरी ठरवून ४५,०००. भाडं वजा जाता २९,००० उरले, तासाला सुमारे ९७ रुपये. स्वतःचं भांडवल शून्य. तिसऱ्या-चौथ्या येझदीपर्यंत तेच काम २०० तासांत होऊ लागलं, तर भाडंही कमी महिन्यांचं लागतं आणि तासाला १७० च्या आसपास सुटतात. मजुरी तीच, हात बसला म्हणून कमाई वाढली.

गिऱ्हाईक एवढे पैसे का देईल? कारण बाजारातल्या गाडीला बाजाराचा भाव असतो. वडिलांच्या गाडीला नसतो. ती दुसरीकडे विकत मिळतच नाही.

एकच मॉडेल धरा

आज येझदी, उद्या बुलेट, परवा आरएक्स १०० असं केलं तर प्रत्येक गाडी तुमच्यासाठी पहिलीच राहते. एकाच मॉडेलवर बसलात की आजार आवाजावरून कळायला लागतो. टू-स्ट्रोक येझदीत क्रँकचं ऑइल सील गेलं, तर एका बाजूने बाहेरची हवा आत येते आणि आयडलिंग टिकत नाही. दुसऱ्या बाजूने गिअर ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो. ज्याला हे माहीत नाही तो आठवडाभर कार्बोरेटर उघडत बसतो.

कामाचा क्रमही पक्का होतो. ब्लॉकला बोअर मारायचा असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मापा आणि मगच ब्लॉक लेथवाल्याकडे द्या. रंग सगळ्यात शेवटी. आधी रंगवलेल्या टाकीवर नंतर पाना पडतोच पडतो. इंजिन ऐकून, गाडी शे-दीडशे किलोमीटर फिरवून मग पेंटरकडे जा.

भंगाराची खरी किंमत इथे कळते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी फिरा, गावोगावच्या बंद गॅरेजमध्ये विचारा. पण पूर्ण गाडी शोधू नका, पार्ट शोधा. केसिंग, हब, टाकी, मडगार्ड मिळेल तेव्हा घ्या, साफ करा, चिठ्ठी लावून ठेवा. दुसरा महिनाभर शोधत असतो तेव्हा तुमच्या फळीवर पार्ट तयार असतो. त्याचेच लोक पैसे देतात. मात्र प्रत्येक पार्टची पावती घ्या, निदान विकणाऱ्याचं नाव, फोन नंबर लिहून घ्या. चोरीचा माल विकत घेतला तर तुम्हीही अडकता.

कागद नसेल तर हात लावू नका

इथे धंदा बुडतो, म्हणून थांबून वाचा.

१. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, हे पाना हातात घेण्याआधी बघा. फोटो काढा. एम-परिवहनवरही तपासा. नंबर घासलेला दिसला तर नमस्कार करून परत पाठवा.

२. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, बदलला तर नोंद करून घ्या.

३. गाडी १५ वर्षांपुढची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का बघा. नोंदणीच रद्द झालेली गाडी कितीही चमकवली तरी रस्त्यावर काढता येत नाही.

४. ५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. पण तिच्यात गाडी मूळ रूपात असावी लागते आणि व्यवसायासाठी वापरता येत नाही.

म्हणूनच फ्रेम कापून बॉबर-चॉपर करण्याच्या मी विरोधात आहे. व्हिडिओत ते भारी दिसतं. पण कापलेली फ्रेम परत जोडली तरी मूळची होत नाही, आणि पोलिसाने अडवलं की फोन तुम्हालाच येतो. गिऱ्हाइकाला वेगळेपण हवंच असेल तर सीट, हँडल असे बोल्टवर बसणारे, रस्त्यावर चालणारे बदल करा आणि काढलेला मूळ पार्ट खोक्यात भरून त्याच्या ताब्यात द्या.

मग स्वतःची एक गाडी बनवायची की नाही?

बनवा. जरूर बनवा. दोन-तीन मोडक्या गाड्यांच्या पार्टमधून, पण कागद पक्के असलेल्या चेसिसवर. फक्त ती विकू नका, ती तुमची पाटी आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात, तिथे ती घेऊन जा. एका किकमध्ये गाडी चालू झाली की तुम्हाला बोलावं लागत नाही.

या आठवड्यात एवढंच करा. एका वहीत तीन गोष्टी लिहा: कोणतं एक मॉडेल, तासाची मजुरी किती, आणि तुमच्या ओळखीत कोणाच्या अंगणात ते मॉडेल ताडपत्रीखाली उभं आहे. तिसऱ्या ओळीत पाच नावं आली तर काम सुरू करा. एकही आलं नाही, तर मॉडेल बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.