पवईची चिप, मोहालीची भट्टी

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत मदरबोर्डही गाळाने माखले होते. टूथब्रशने गाळ खरवडला की खाली नाव दिसायचं ते परदेशी कंपनीचंच.

देशी संगणकाचीही तीच गत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, त्याचं कौतुक अजून चालतं; त्याचा मेंदू असलेले ट्रान्सप्युटर प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मेंदूही आपलाच हवा, तर ‘अजित’कडे पाहावं. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी आखलेला हा ३२ बिटांचा प्रोसेसर मोहालीच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटर तंत्राने घडला. लॅपटॉपला तो पुरणार नाही. वीजमीटरला, सिग्नलला, नदीची पातळी मोजणाऱ्या यंत्राला सहज पुरेल. सरकारी निविदांत अशा चिपसाठी आधी जागा राखावी. सुरुवात चिपळूणच्या वाशिष्ठी नदीवरच्या पुलापासून केली तरी चालेल.