टेप भिंतीला लावा, वळचणीला नको

मंडळी, स्वामित्व योजनेतला गावठाणाचा नकाशा बघून आपण खूश होतो. छपरं कशी गुळगुळीत, रेघा कशा सरळ! पण हा गुळगुळीतपणा आला कुठनं, ते समजून घ्या, मगच सही करा.

ड्रोन वरनं एकावर एक चढणारे फोटो काढतो. तेच कौल चार-पाच फोटोंत सापडलं की संगणक त्याची जागा आणि उंची काढतो. असे लाखो ठिपके. पत्र्याची चकाकी, हलणारी फांदी, यामुळं त्यातले काही भलतीकडेच पडतात. मग शेजारच्या ठिपक्यांची सरासरी धरून संगणक वर चादर ताणतो. जिथं ठिपकाच नाही तिथं अंदाजानं भरतो. जास्त ताणली की घराचा कोपरा बोथट, कमी ताणली की सपाट छपरावर खोटे खड्डे. यातनं जगात कुणाचीच सुटका नाही.

सपाट स्लॅबला हे चालून जातं. आपल्या आजऱ्याच्या पावसात वळचण भिंतीच्या दीड-दोन फूट बाहेर. वरनं दिसते ती वळचण. फणसाखालचा बोळ तर दिसतच नाही. आणि आपली भांडणं नेमकी त्या दोन फुटांवर, राव!

म्हणूनच 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या या योजनेत उड्डाणाआधी चुन्यानं हद्द आखणं आणि नंतर जागेवर पडताळणी ठेवलीय. ही पडताळणी कुणाला ओट्यावर बसून उरकू देऊ नका. त्या दिवशी मुंबईच्या भावाला बोलवा, शेजाऱ्याला हाक मारा, आणि टेप भिंतीला लावायला सांगा.