मॅमोग्राफीच्या आधीची धाकधूक



येत्या गुरुवारी माझी मॅमोग्राफी आहे. तक्रार काही नाही. वय 52 झालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांतून एकदा करून घ्या, म्हणून अपॉइंटमेंट घेतली. तरी चार दिवस झोप नाही. हातात जपमाळ असते आणि मन रिपोर्टच्या पाकिटात.

हे कुणाला सांगावं तर दोनच उत्तरं मिळतात. "एवढा स्वाध्याय करता वहिनी, आणि घाबरता?" नाहीतर, "कशाला नसती तपासणी? कर्मात असेल ते होईल." मला दोन्ही पटत नाहीत.

आधी भीतीचं बघू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत. नको असलेलं वाट्याला येईल याची काळजी आणि दुखण्याची काळजी, हे त्यातलेच दोन. आर्तध्यान कुणाकुणाला होतं, तेही तिथेच सांगितलंय. अव्रती आणि अणुव्रती श्रावकांना तर होतंच, पण सहाव्या गुणस्थानातल्या मुनींनाही होऊ शकतं. मग स्वयंपाक, सासू, नातवंडं सांभाळणाऱ्या आपण का लाजायचं? भीती वाटली म्हणून श्रद्धा कमी होत नाही. ती ओळखायची आणि मन तिथून हळूच उचलून दुसरीकडे ठेवायचं, एवढंच आपलं काम.

आता कर्माचं. नातवाला ताप चढला की आपण रात्री अकराला रिक्षा काढून दवाखाना गाठतो. तिथे कुणी कर्म काढत नाही. स्वतःच्या छातीचा विषय आला की मात्र कर्म आठवतं, दशलक्षण पर्व आठवतं, भाचीचं लग्न आठवतं. माझ्या मते ही श्रद्धा नाही, भीतीच श्रद्धेचं लुगडं नेसून आलेली असते. कर्माचा उदय आपल्या हातात नाही, पुरुषार्थ आहे.

आणि या पुरुषार्थाला अर्थ आहे. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईत 1998 पासून वीस वर्षं दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. त्यात मॅमोग्राफीही नव्हती. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. तरी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले.

अर्धी भीती माहिती नसल्याची असते, म्हणून थोडं सांगते. उपाशी राहावं लागत नाही आणि एकाशन असेल तरी अडत नाही. नेहमीच्या तपासणीत इंजेक्शन नाही, औषध नाही, त्यामुळे चौविहाराचाही प्रश्न नाही. त्या दिवशी पावडर किंवा डिओडरंट लावू नये, फोटोत त्याचे ठिपके दिसू शकतात. पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घ्यावी, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. साडी किंवा कुर्ता-सलवार बरी, कारण फक्त वरचे कपडे काढावे लागतात. "तपासायला बाईच असेल ना?" हे फोनवर आधीच विचारा, त्यात संकोच नको. दोन प्लेटमध्ये छाती दाबतात, ते टोचतं, पण काही सेकंदच. सगळं मिळून साधारण वीस मिनिटं. आपण सामायिकाला 48 मिनिटं बसतो!

पुन्हा बोलावलं तर लगेच रडू नका. फोटो स्पष्ट आला नाही किंवा आणखी सोनोग्राफी हवी, म्हणूनही बोलावतात. अशा बहुतेकींना कॅन्सर नसतो. मात्र हाताला गाठ लागली, निप्पलमधून रक्त आलं किंवा कातडी ओढल्यासारखी दिसली, तर तारखेची वाट न बघता लगेच दाखवा. मागचा रिपोर्ट चांगला असला तरीही.

रात्रीसाठी मी दोन नियम केलेत. नऊनंतर मोबाईलवर आजार शोधायचा नाही. आणि झोप येईना तर णमोकार म्हणायचा, पण "रिपोर्ट चांगला येऊ दे" असा सौदा न करता. सौदा केला की मन पुन्हा त्या पाकिटातच जाऊन बसतं.

शेवटी आपल्या महिला मंडळांना एक विनंती. कुंभोज बाहुबलीला जायला आपण पन्नासजणींची गाडी सहज भरतो. तशीच वर्षातून एकदा तपासणीसाठी भरा. तेवढं जमत नसेल तर दोघी-दोघी जा. बाहेरच्या बाकावर शेजारी कुणी बसलं असेल तर भीती निम्मी होते. माझ्याबरोबर गुरुवारी धाकटी जाऊबाई येणार आहे. तिचंही वय 50 झालंय, तिचीही अपॉइंटमेंट मी घेऊन टाकली आहे.

तुमच्या शेजारी कोण बसणार, ते आजच ठरवा.