मास्लोचा त्रिकोण मोडीत काढा

बी.एड.चे पुस्तक उघडा किंवा व्यवस्थापनाच्या पदविकेच्या नोट्स चाळा, ‘प्रेरणा’ हे प्रकरण आले की तो त्रिकोण हजर असतो. तळाशी अन्न, पाणी, झोप. त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपुलकी, मग मानसन्मान, आणि शेंड्याला आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यात जे होण्याची कुवत आहे ते होणे. खालचा थर भरला की वरच्या थराची गरज जागी होते, असे विद्यार्थी पाठ करतात. पुढे तेच विद्यार्थी शिक्षक, अधिकारी, संस्थाचालक होतात आणि आयुष्यभर माणसांकडे त्याच नजरेने पाहतात. अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या नावावर हे चित्र खपते. माझे म्हणणे असे, की माणसाच्या प्रेरणेचे हे चित्र चुकीचे आहे, आणि गरीब माणसाला लावले की ते अपमानकारकही ठरते.

आधी प्रतिपक्षाची बाजू मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्याकडे कोणी अमेरिकेतून आणलेली नाही. ती उपाशी माणसांच्या अनुभवातून आली आहे. प्रयोगशाळेतला पुरावाही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा सुदृढ कसे करायचे, हे त्यांना शोधायचे होते. तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. शरीराइतकेच त्यांचे मनही बदलले. वाचन, गप्पा, मैत्रिणी, सगळ्यांतला रस आटला. दिवसभर डोक्यात अन्नच. काही जण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत, समोरचे जेवण तासन्‌तास पुरवून खात, ताटल्या चाटून पुसून काढत. हे वाचल्यावर कोणीही म्हणेल, बघा, भूक बाकी सगळे गिळून टाकते.

पराकोटीची भूक मनाचा ताबा घेते, हे मी मान्य करतो. पण ते ३६ तरुण कोण होते, हे प्रतिपक्ष सांगत नाही. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र उचलायला नकार दिलेली ती माणसे होती. युद्धात कोणाला मारणार नाही, पण युद्धात होरपळलेल्यांसाठी काही करू, या भावनेने त्यांनी उपासमार स्वतःहून पत्करली होती. कोणी त्यांना कोंडून ठेवले नव्हते. बाहेर पडून पोटभर जेवणे त्यांच्या हातात होते, तरी बहुतेक सगळे शेवटपर्यंत टिकले. भुकेच्या सामर्थ्याचा एवढा मोठा पुरावा जगाला मिळाला तो तत्त्वासाठी भूक सोसणाऱ्यांकडून. त्रिकोणाच्या हिशेबात ही माणसे बसतच नाहीत.

आता खुद्द मास्लो. त्यांचा मूळ लेख १९४३ चा. त्यात पाच गरजांचा क्रम आहे, पण त्रिकोण नाही. तो त्यांनी काढलेलाच नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या व्यवस्थापनावरच्या लिखाणात तो दिसू लागला. चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या व्यवस्थापन सल्लागाराच्या १९६० मधल्या लेखात तो सापडतो, आणि तो लेख होता पैसा माणसाला कसा कामाला लावतो, या विषयावर. चित्राचा उगम कारखान्याच्या गरजेत आहे, हे विसरता कामा नये. मालकाला हवे होते सोपे उत्तर: कोणत्या पायरीवरच्या माणसाला काय दिले की तो राबेल.

मास्लो स्वतः त्याच लेखात सावधपणे लिहितात. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते असा समज करून घेऊ नका, असे ते बजावतात आणि उदाहरणादाखल आकडे मांडतात: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाची १० टक्के. हे आकडे मोजून काढलेले नाहीत, समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, हेही ते सांगतात. सामान्य अमेरिकन माणूस ‘मला भूक लागली’ म्हणतो तेव्हा ती खरी भूक नसते, नुसती खाण्याची इच्छा असते, असेही त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे खऱ्या उपाशी माणसांचा समाज त्यांच्यासमोर नव्हता. पाठ्यपुस्तकांनी ही सगळी सावधगिरी गाळली आणि चित्र तेवढे ठेवले.

तरीही मास्लोंना मी निर्दोष सोडत नाही. आदर्शासाठी सर्वस्व पणाला लावणारी माणसे असतात, हे त्यांना माहीत होते. त्यांच्यासाठी त्यांनी एक पळवाट ठेवली. ज्यांच्या मूलभूत गरजा पूर्वायुष्यात, विशेषतः बालपणी, नीट भागल्या आहेत, त्यांच्यात पुढे वंचना सोसण्याचे बळ येते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. क्रम मोडला नाही, तो आधीच पार पडला होता, असा त्याचा अर्थ.

ही पळवाट महाडच्या चवदार तळ्याच्या काठी बंद होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग तळ्याकडे निघालेल्या लोकांपैकी बहुतेकांचे बालपण कसे गेले होते? अन्नाची शाश्वती नाही, डोक्यावर धड छप्पर नाही, आणि सुरक्षितता तर गावाच्या मर्जीवर. त्रिकोणाचा तळच भरलेला नव्हता. तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता, पण तिथे जायची सोय नव्हती. त्या दिवशी लोक गेले, पाणी प्यायले, आणि परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. डोकी फुटली. पुढे गावोगावी मारहाण आणि बहिष्कार वाट्याला आला. डिसेंबरातल्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की या तळ्याचे पाणी मिळाले नाही म्हणून आम्ही मरत होतो असे नाही. आम्हीही माणसे आहोत हे प्रस्थापित करायला आम्ही तिथे जात आहोत. पाण्यासारखी तळाची गरज, आणि ती मागितली कशासाठी, तर चौथ्या थरावरच्या सन्मानासाठी. त्या सन्मानासाठी दुसऱ्या थरावरची सुरक्षितता पणाला लावली. त्रिकोण खरा असता तर पोट भरून, घर बांधून, दोन पिढ्या थांबून मग हे लोक महाडला यायला हवे होते. ते थांबले नाहीत. सन्मानाची भूक त्यांना पोटाच्या भुकेइतकीच जुनी होती.

एका गोष्टीचे मला नेहमी आश्चर्य वाटते. विस्कॉन्सिन विद्यापीठात मास्लोंनी पीएच.डी. केली ती हॅरी हार्लो यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि पहिल्याच थराला तडा देणारा प्रयोग पुढे हार्लोंनीच केला. १९५८ मध्ये त्यांनी तो मांडला. आईपासून वेगळ्या केलेल्या माकडाच्या पिल्लांपुढे दोन कृत्रिम ‘आया’ ठेवल्या: एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. काही पिल्लांना दुधाची बाटली तारेच्या आईकडेच मिळे. ही पिल्ले भूक लागली की तारेकडे जात, दूध पीत आणि लगेच कापडाकडे परतत. दिवसाचे बहुतेक तास ती कापडाला बिलगून काढत. घाबरली की धाव कापडाकडेच. (या पिल्लांना जे सोसावे लागले ते आज वाचवत नाही, आणि असा प्रयोग पुन्हा होऊ नये.) पण त्यातून कळले ते नाकारता येत नाही. माया ही दूध पाजणाऱ्याबद्दल नंतर उपजणारी गोष्ट नाही, ती दुधाइतकीच पहिली आहे.

माणसांची पाहणीही हेच सांगते. लुई टे आणि एड डीनर यांनी २०११ मध्ये १२३ देशांतल्या साठ हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्न-निवारा, सुरक्षितता, आधार देणारी माणसे, आदर, कौशल्य, स्वतःचे निर्णय घेण्याची मोकळीक, या सगळ्या गरजा जगभर महत्त्वाच्या ठरल्या. इथवर मास्लो बरोबर. मात्र क्रमाचे महत्त्व फारसे आढळले नाही. खालच्या गरजा अपुऱ्या असलेल्या माणसालाही आदर आणि माणसे मिळाली, की त्याचे आयुष्य सुखावते. उदयपूर जिल्ह्यातल्या अतिगरीब कुटुंबांचा खर्च अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तपासला, तेव्हा सण-समारंभांवर वर्षाच्या खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा जातो असे दिसले. हे वाचून ‘गरिबांना अक्कल नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. लेकीच्या लग्नात चार माणसांत मान राहावा ही गरज मोठ्या बंगल्यातच का असावी?

या चित्राने प्रत्यक्षात काय केले, तेही पाहिले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत धान्याच्या पिशव्या वाटताना काढलेले फोटो आपण सर्वांनी पाहिले. देणारे पाच जण पिशवीला हात लावून कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि घेणारी बाई पदराआड तोंड लपवते आहे. देणाऱ्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. उपाशी माणसाला आत्ता फक्त धान्य हवे, लाज-अब्रूचे पुढे बघू, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळते ना, मग गृहपाल काय बोलतो याची तक्रार कशाला, असे विचारणारा याच त्रिकोणाचा विद्यार्थी. वस्तीत वाचनालय मागितले की ‘आधी गटारे’ हे उत्तर देणाराही तोच. गटारे हवीतच. पण वाचनालय मागणाऱ्या मुलीची मागणी खोटी ठरवायचा अधिकार कोणत्या शास्त्राने दिला?

इथे उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. क्रम नाही म्हटले की काही जण खूश होतात: मग मान देऊ, दाम नको. आशा सेविकांना आपण अनेक वर्षे हेच ऐकवले. त्या ‘स्वयंसेविका’, त्यांना पगार नाही, मोबदला. करोनाकाळात कौतुक भरपूर झाले, आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. एक गरज दुसरीची भरपाई करू शकत नाही. सन्मानाने भाकरीची जागा भरत नाही, भाकरीने सन्मानाची भरत नाही. त्या संपात त्यांनी पैसे मागितले आणि शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जाही मागितला. दोन्ही एकाच निवेदनात. माणूस असाच मागतो.

मग त्रिकोणाच्या जागी काय ठेवायचे? माझ्या मते एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची मांडणी अधिक खरी आहे. ते तीन मानसिक गरजा मानतात: आपले आपण ठरवता येणे, एखादी गोष्ट आपल्याला जमते असा अनुभव येणे, आणि आपल्या माणसांशी जोडलेले असणे. यांत वरची-खालची पायरी नाही, आणि पोट भरेपर्यंत त्या झोपलेल्याही नसतात. चीन आणि दक्षिण आफ्रिका इथे आर्थिक किंवा परिसराची सुरक्षितता कमी असलेल्या लोकांत हे तपासले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, असुरक्षित परिस्थितीतही या तीन गरजा भागण्याचा मनःस्वास्थ्याशी स्वतंत्र संबंध दिसला. या मांडणीची खरी ताकद तिच्या प्रश्नात आहे. त्रिकोण विचारतो, हा माणूस कोणत्या पायरीवर आहे? ही मांडणी विचारते, आपण जे देतो आहोत ते देताना याचा निर्णय हिरावला जातो का, याला नालायक ठरवले जाते का, याला एकटे पाडले जाते का? पहिल्या प्रश्नाने माणसांची प्रतवारी होते. दुसऱ्याने देणाऱ्याची तपासणी होते.

व्यक्तिमत्त्वाबद्दलही तेच. आत्मवास्तविकीकरण साधलेल्या व्यक्ती म्हणून मास्लोंनी लिंकन, आइन्स्टाइन, स्पिनोझा, एलिनॉर रूझवेल्ट अशी नावे निवडली. निवड त्यांची स्वतःची, कसोटीही त्यांचीच. त्या यादीतले लिंकन लाकडाच्या ओंडक्यांच्या खोपटात जन्मले, मजुरी करत उसनी पुस्तके वाचत वाढले, आणि स्पिनोझा भिंगे घासून पोट भरत. तळ भरायची वाट या दोघांनीही पाहिली नाही.

मास्लोंचे ऋण मी नाकारत नाही. माणूस म्हणजे उंदरासारखा बक्षीस-शिक्षेवर चालणारा प्राणी, किंवा दडपलेल्या वासनांचे गाठोडे, एवढेच ज्या काळात शिकवले जात होते, त्या काळात निरोगी माणसाचा अभ्यास करा असे त्यांनी म्हटले. गरजांची त्यांची यादी आजही उपयोगी आहे. यादी ठेवा, उतरंड टाका.

बी.एड. आणि डी.एल.एड.च्या अध्यापकांना माझी विनंती आहे. यंदा हे प्रकरण शिकवाल तेव्हा फळ्यावर त्रिकोण काढू नका. पाच गरजा एका ओळीत, शेजारी शेजारी लिहा, आणि त्यांच्यासोबत महाडचा प्रसंग सांगा. तुमचे विद्यार्थी उद्या ज्या वर्गात उभे राहतील, तिथे डबा न आणलेले मूल असेल. त्याला खिचडी वाढताना त्याचे नाव घेऊन हाक मारायची, की नुसता ‘ए’ म्हणायचे, हे ते तुमच्या फळ्यावरून शिकणार आहेत.