वस्तुमान कळले म्हणजे पदार्थ कळला काय?

मनुष्याच्या रक्तात चयापचयातून उत्पन्न झालेले असंख्य लहान रेणू असतात. वस्तुमान वर्णपटमापक हे यंत्र त्यांना विद्युत्भारित करून वस्तुमानाप्रमाणे निरनिराळे करते. पुढे त्यांचे तुकडे पाडून त्या तुकड्यांचीही नोंद घेते. यंत्राचे हे सामर्थ्य पाहून, आकडा मिळाला की पदार्थ ओळखला, असा समज बळावत आहे. तो इष्ट नव्हे.

ल्यूसिन व आयसोल्यूसिन या अमिनो आम्लांचे उदाहरण घ्यावे. दोहोंचे रासायनिक सूत्र एकच, रेणुभारही एकच, 131. भेद आहे तो अणूंच्या मांडणीत. आणि केवळ वस्तुमान तोलणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. म्हणूनच नोंदसंग्रहातील आकड्याशी आकडा जुळणे हा कयास होय, निर्णय नव्हे.

निर्णय कसा करावा, याचा वस्तुपाठ अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केला. हृद्‍रोग्यांच्या रक्तद्रवात 76, 104 व 118 या आकड्यांचे तीन अज्ञात पदार्थ अधिक प्रमाणात आढळले होते. संशोधकांनी ते ज्ञात पदार्थांशी ताडून पाहिले. शिवाय ड्यूटेरियमने चिन्हांकित केलेले अन्नघटक उंदरांना देऊन त्यांचा शरीरातील मार्ग शोधला. तेव्हा 76 म्हणजे ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड, 104 म्हणजे कोलीन व 118 म्हणजे बीटेन, हे निश्चित झाले. पहिला पदार्थ आतड्यांतील जंतूंच्या साहाय्याने बनतो, हेही उलगडले. केवळ आकड्यावर थांबले असते, तर आहार, जंतू आणि हृद्‍रोग यांचा हा संबंध हाती लागला नसता.

2007 साली चयापचय-संशोधकांनी ओळखीच्या चार पायऱ्या ठरविल्या. शुद्ध नमुना त्याच परिस्थितीत तपासून किमान दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले, तरच पहिली पायरी गाठली असे मानावे, हा त्यांतील दंडक. यामुळे संशोधन मंदावेल, असा आक्षेप घेतला जातो. शुद्ध नमुने महाग असतात आणि पुष्कळदा ते विकत मिळतही नाहीत, हे खरे. तथापि चुकीच्या नावावर उभारलेले रोगनिदान त्याहून महाग पडते. यास्तव भारतीय प्रयोगशाळांनी यंत्रांच्या खरेदीइतकेच शुद्ध नमुन्यांच्या निर्मितीस व संग्रहास महत्त्व द्यावे. आणि जेथे पुरावा अपुरा असेल, तेथे पदार्थाला नाव न देता ‘अज्ञात’ म्हणूनच नोंदवावे. त्यात कमीपणा नाही. उलट, पुढील संशोधकाला शोधाची दिशा त्यानेच खुली राहते.